अहिराणी रेकॉर्डिंग गिटमध्ये टाकल्यावर फाटतंय, पण फक्त दुसऱ्यांच्या मशीनवर

तापीकाठची
नमस्कार मंडळी. आमचा छोटा गट अहिराणीचा बोलता शब्दकोश करतोय. शिरपूर, साक्री, अमळनेर, शहादा या तालुक्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या, कानबाई या खानदेशातल्या देवीची गाणी आणि रोजच्या बोलण्यातले शब्द रेकॉर्ड करतो. शब्द, अर्थ, आवाज आणि वस्तूचा फोटो असं सगळं एका गिट रिपॉझिटरीत (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सामायिक साठ्यात) ठेवलंय, कारण आम्ही वेगवेगळ्या गावांतून काम करतो आणि कोणी काय बदललं ते कळायला हवं.

अडचण अशी. मी टाकलेल्या डब्ल्यूएव्ही (आवाजाच्या) फाइल माझ्या लॅपटॉपवर स्वच्छ वाजतात. इतरांनी क्लोन करून (साठ्याची पूर्ण प्रत उतरवून) वाजवल्या की गाणं सुरू होतं, मध्येच मोठी खरखर, पुन्हा गाणं, पुन्हा खरखर. धुळ्याच्या मैत्रिणीकडे विंडोज आहे, भुसावळच्या भावाकडे उबुंटू, दोघांकडे अगदी सारखंच. पेनड्राइव्हवरून दिली की तीच फाइल त्यांच्याकडेही नीट वाजते. माझ्याकडे 'गिट स्टेटस' म्हणतं, काहीही बदल नाही.

रेकॉर्डरचं कार्ड पुढच्या गावासाठी रिकामं करावं लागतं, त्यामुळे बऱ्याच गाण्यांची मूळ प्रत आता फक्त माझ्या लॅपटॉपवर आहे. गाणाऱ्या काही आज्या आता हयात नाहीत. म्हणून कशालाही हात लावण्याआधी इथे विचारतेय.

जंक्शन
ताई, डाउनलोड अर्धवट होत असेल. मे महिन्यात भुसावळला दुपारी राउटरसुद्धा मान टाकतो. रात्री क्लोन करून बघायला सांगा.

पांझरा
@जंक्शन, ते शक्य नाही. गिट प्रत्येक वस्तूला तिच्या मजकुरावरून काढलेल्या हॅशने (ठशासारख्या आकड्याने) ओळखतं. वाटेत एक बाइट जरी इकडचा तिकडे झाला तरी क्लोन चूक दाखवून थांबेल. दोन वेगळ्या मशीनवर सारखीच खरखर येते, म्हणजे रिपॉझिटरीत जे आहे तेच दोघांना मिळतंय. बिघाड आत जातानाच झालाय.

तापीकाठची ताई, सगळ्यात आधी ते अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. ते होईपर्यंत पुल, चेकआउट, रिसेट, स्टॅश (फोल्डरमधल्या फाइल पुन्हा लिहू शकणाऱ्या आज्ञा) यातलं काहीही करू नका. मग तीन गोष्टी सांगा:

एखाद्या फाटणाऱ्या फाइलचा डिस्कवरचा आकार, आणि 'गिट कॅट-फाइल -एस हेड:' पुढे फाइलचा मार्ग देऊन येणारा आकार. 'गिट एलएस-फाइल्स --ईओएल' त्या फाइलपुढे काय दाखवतं. आणि तुमच्या फोटोंमध्ये पीएनजी आहेत का, इतरांकडे ते उघडतात का?

(आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.)

केळीबाग
एवढी चौकशी कशाला? गिट एलएफएस (लार्ज फाइल स्टोरेज) बसवा. मोठ्या फाइलसाठीच ते आहे. २०१५ पासून लोक वापरतायत.

अनेर
माझं मत वेगळं. आवाज गिटमध्ये ठेवूच नये. ड्राइव्हवर ठेवा आणि रिपॉझिटरीत फक्त दुवा द्या.

तापीकाठची
@अनेर, दुव्याचा अनुभव घेतलाय. फोल्डरचं नाव बदललं की दुवा तुटतो आणि कुठल्या शब्दाचा कुठला आवाज ते पुन्हा कानाने जुळवत बसावं लागतं. शब्द आणि आवाज एकाच कमिटमध्ये (बदलाच्या एकाच नोंदीत) हवेत.

@पांझरा भाऊ, कॉपी घेतली. जी फाइल तपासली ती डिस्कवर मोठी आहे, रिपॉझिटरीत शंभरेक बाइटांनी लहान. दुसऱ्या आज्ञेचं उत्तर: 'आय/-टेक्स्ट डब्ल्यू/-टेक्स्ट अ‍ॅट्र/टेक्स्ट ईओएल=एलएफ'.

पीएनजीचं तुम्ही कसं ओळखलंत? जातं, उखळ, सूप यांची चित्रं पीएनजीत आहेत, त्यातलं इतरांकडे एकही उघडत नाही. जेपीजी उघडतात, पण काही फोटो खाली राखाडी होतात किंवा रंग बदलतात.

पांझरा
सापडलं. तुमच्या '.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' फाइलमध्ये (कुठल्या फाइलला गिटने कसं वागवायचं ते तिथे लिहितात) '* टेक्स्ट ईओएल=एलएफ' अशी ओळ असणार.

विंडोजवर मजकुराची ओळ दोन बाइटांनी संपते, ०डी आणि ०ए (हे आकडे हेक्स, म्हणजे षोडशमान पद्धतीत). लिनक्सवर फक्त ०ए. त्या ओळीने गिटला सांगितलंय की इथली प्रत्येक फाइल मजकूर आहे, आत घेताना ०ए च्या आधीचा ०डी काढून टाक. 'शब्द.सीएसव्ही'साठी हे बरोबर आहे. पण आवाजात ०डी आणि ०ए शेजारी आले तर तिथे कुठलीही ओळ संपत नसते, तो आवाजाचाच भाग असतो. तरी ०डी जातो.

एरवी गिट स्वतः तपासतं. 'टेक्स्ट=ऑटो' असेल तर फाइलमध्ये शून्य बाइट सापडला की ती बायनरी (मजकूर नसलेली) धरून तिला हात लावत नाही, आणि डब्ल्यूएव्हीत शून्य बाइट पोत्याने असतात. नुसतं 'टेक्स्ट' लिहिलं की ही तपासणीच होत नाही. तुमच्या उत्तरात नेमकं हेच दिसतंय: पहिल्या दोन रकान्यांत '-टेक्स्ट', म्हणजे गिटला फाइल बायनरी दिसतेय, आणि तिसऱ्या रकान्यात 'टेक्स्ट', म्हणजे तिला मजकूर समजण्याचा हुकूम आहे. हुकूम जिंकतो.

तुमच्याकडे नीट का वाजतं? 'गिट अ‍ॅड' बदललेली प्रत आत नेतं, फोल्डरमधल्या फाइलला शिवत नाही. स्टेटस स्वच्छ का? तुलना करतानाही आधी तोच ०डी काढला जातो आणि मग दोन्ही बाजू सारख्या दिसतात. म्हणून म्हटलं चेकआउट करू नका. ती फाइल पुन्हा रिपॉझिटरीतून लिहिली गेली की चांगली प्रत गेलीच.

खरखर येऊन-जाऊन का होते? तुमचं रेकॉर्डिंग १६ बिट मोनो असेल तर दोन बाइटांचा एक नमुना असतो. एक बाइट गळला की पुढच्या सगळ्या जोड्या एकेक घर सरकतात, आणि जो बाइट हलका असायला हवा तो जड होऊन बसतो. कानाला तो नुसता गोंगाट. पुढे आणखी एक बाइट गळला की जोड्या पुन्हा जागेवर येतात आणि आजीचा आवाज परत ऐकू येतो.

गिरणाई
भो, हाई बठ्ठं भारी शे! खरखर सम-विषमची आहे हे वाचून हेडफोन लावून एक फाइल ऐकली. अगदी तसंच.

अमळनेरी
पीएनजीबद्दल मी सांगतो. महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत नोकरी झाली. एफटीपीने फाइल पाठवायच्या काळात आस्की (मजकुराच्या) मोडमध्ये चित्र पाठवलं की असंच व्हायचं, ते टाळायला आधी 'बिन' अशी आज्ञा द्यायची. १९९६ साली पीएनजीचं मानक आलं, त्यात फाइलचे पहिले आठ बाइट मुद्दाम असे निवडलेत: ८९ ५० ४ई ४७ ०डी ०ए १ए ०ए. त्यात ०डी ०ए ही जोडी आहे आणि शेवटी एकटा ०ए आहे. कोणी ०डी काढला तर सही बिघडते, कोणी एकट्या ०ए ला ०डी जोडला तरी बिघडते, आणि चित्र पहिल्या पावलालाच नाकारलं जातं. पीएनजी उघडत नाही आणि जेपीजी अर्धवट उघडतो ही जोडी दिसली की ओळीच्या शेवटांची भानगड समजायची.

गिटच्या आधीच्या सीव्हीएसमध्ये बायनरी फाइल '-केबी' लावून टाकावी लागायची. सबव्हर्जनने तो त्रास कमी केला, तिथे 'एसव्हीएन:ईओएल-स्टाइल' हा गुणधर्म लावल्याशिवाय ओळींचे शेवट बदलत नाहीत.

तापीकाठची
ओळ सापडली, तशीच आहे. शब्दकोशाच्या वेबपानासाठी जो तयार सांगाडा घेतला त्यासोबत ती फाइल आली. तिथे फक्त कोड होता, त्यामुळे कोणाला बाधली नसेल. आता दुरुस्ती कशी करू?

पांझरा
ती ओळ काढून '* टेक्स्ट=ऑटो' लिहा. खाली '*.डब्ल्यूएव्ही बायनरी', '*.पीएनजी बायनरी', '*.जेपीजी बायनरी', '*.टीटीएफ बायनरी' अशा ओळी. 'बायनरी' म्हणजे '-डिफ -मर्ज -टेक्स्ट' या तिन्हींचं एकत्र नाव. फॉन्ट विसरू नका.

मग तुमच्याच लॅपटॉपवर 'गिट अ‍ॅड --रिनॉर्मलाइझ .' चालवा. साधं 'गिट अ‍ॅड' पुरणार नाही, कारण फाइलचा वेळ आणि आकार नोंदीशी जुळतो, त्यामुळे गिट ती पुन्हा वाचतच नाही. कमिटच्या आधी दोन-चार फाइलींचे आकार पुन्हा ताडून बघा. या वेळी 'हेड' काढून नुसता ':' आणि मार्ग द्या, म्हणजे नव्याने आत गेलेली प्रत मोजली जाईल. --रिनॉर्मलाइझ गिट २.१६ पासून आहे.

इतरांनी नंतर नुसतं पुल करायचं.

केळीबाग
म्हणजे एलएफएसने हे झालंच नसतं. 'गिट एलएफएस ट्रॅक' जी ओळ लिहितं तिच्या शेवटी '-टेक्स्ट' असतंच.

पांझरा
@केळीबाग, बरोबर, नव्या फाइल वाचल्या असत्या. पण आत फाटून गेलेल्या फाइल एलएफएस शिवून देत नाही. आधी दुरुस्ती, मग एलएफएसचा विचार.

बोरीचं_पाणी
एलएफएसबद्दल एक सूचना. ज्याच्या मशीनवर ते बसवलेलं नाही त्याला गाण्याऐवजी तीन ओळींची मजकूर फाइल मिळते: आवृत्ती, शा-२५६ ची खूण आणि आकार. आमच्या संस्थेत नव्या मुलीला वाटलं रेकॉर्डिंग उडालं. तिला 'गिट एलएफएस इन्स्टॉल' आणि मग 'गिट एलएफएस पुल' करायला लावलं, तेव्हा आवाज आला. गटात नवीन माणूस येतो तेव्हा हे पहिल्या दिवशी सांगा.

मात्र गिटहबवर (रिपॉझिटरी ठेवण्याच्या वेबसेवेवर) १०० एमबीच्या वरची फाइल साध्या गिटने पुशच होत नाही, म्हणजे वर चढतच नाही, ५० एमबीच्या वर इशारा येतो. तासाभराचं कानबाईचं जागरण एका फाइलमध्ये असेल तर एलएफएस लागेलच.

रावेरकर
थोडं अवांतर. शब्दकोशात आमची लेवा गणबोली घेणार का? बहिणाबाईंची बोली तीच. रावेर-यावल पट्ट्यात या, भरीत आणि कळण्याची भाकरी माझ्याकडून.

गिरणाई
@रावेरकर, लेवा गणबोलीला स्वतंत्र कोश हवा. अहिराणीत मिसळली तर दोघींचं नुकसान. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात खानदेशी, म्हणजे अहिराणी, भिल्ली भाषांसोबत १९०७ च्या खंडात आहे. लेवांची बोली त्यापेक्षा मराठीच्या जवळची आहे.

तापीकाठची
@रावेरकर दादा, भरीताला नक्की येऊ, आणि रेकॉर्डरही आणू. बोलीचं नाव प्रत्येक नोंदीत वेगळं लिहितो, त्यामुळे मिसळणार नाही.

आता दुरुस्ती. --रिनॉर्मलाइझ केलं, आकार जुळले, कमिट केलं. भुसावळच्या भावाने पुल करून शिरपूरची ओवी फोनवर वाजवून दाखवली. स्वच्छ. पांझरा भाऊ, काय बोलू, फार मोठं काम झालं.

पण एक गाठ राहिली. धुळ्याच्या मैत्रिणीने टाकलेली साक्रीकडची गाणी तिच्या लॅपटॉपवर होती आणि तो मधल्या काळात फॉरमॅट झाला. कार्डही रिकामं. त्यांची फाटलेली प्रतच उरली आहे. काही करता येईल का?

अनेर
नाही. गळलेला बाइट कुठून आणणार?

लळिंग
@अनेर, येतो आणता. मी आवाजाचं काम करतो, घाईने हात झटकू नका.

काय गळलंय ते माहीत आहे: प्रत्येक वेळी ०डी, आणि तोही नेहमी एखाद्या ०ए च्या लगेच आधी. किती गळले तेही कळतं. डब्ल्यूएव्हीच्या सुरुवातीला फाइलचा आकार लिहिलेला असतो. तो मूळ आकार आहे. प्रत्यक्ष आकार त्यातून वजा करा (त्या आकड्यात पहिले आठ बाइट धरलेले नसतात), जितका फरक तितके ०डी गेले.

उरतं ते कुठे हे शोधणं. १६ बिट मोनोमध्ये प्रत्येक नमुन्याचा दुसरा बाइट वजनदार असतो, आणि सर्वसाधारण बोलण्यात तो ०० किंवा एफएफच्या आसपास राहतो. पहिला बाइट कसाही नाचतो. फाइलचे छोटे तुकडे घेऊन बघा, शांत बाइट सम जागी आहेत की विषम जागी. जिथे जागा बदलते तिथे बाइट गळलाय. त्या भागातल्या प्रत्येक ०ए च्या आधी ०डी घालून बघा, ज्याने लाट सगळ्यात गुळगुळीत होईल तो खरा. पायथनमध्ये लहानशी स्क्रिप्ट पुरते.

अजून एक चांगली गोष्ट. ०डी ०ए ही जोडी आवाजात यायला त्यातला एक बाइट वजनदार जागी यावाच लागतो, म्हणजे नमुना निदान २५७३ चा हवा. कमाल ३२७६७ असते. पूर्ण ताकदीच्या साधारण आठ टक्क्यांखाली राहिलेल्या आवाजात ही जोडी येतच नाही. हळू म्हटलेल्या ओव्या धक्का न लागता उरल्या असतील. ढोलासोबतची गाणी जास्त फाटली असतील.

तापीकाठची
@लळिंग, अगदी तसंच आहे! मैत्रिणीच्या ओव्या बऱ्याच धड आहेत आणि कानबाईची गाणी फाटली आहेत. आम्ही समजत होतो की अंगणातल्या गर्दीमुळे रेकॉर्डिंगच खराब आलंय.

लळिंग
एक गाणं मला पाठवा, मी स्क्रिप्ट लिहून देतो.

पांझरा
जेपीजीत हे इतकं सोपं नाही, तिथे दाबलेली माहिती असते, एक बाइट गेला की पुढचं सगळं कोसळतं. पीएनजीत मात्र आशा आहे. त्याच्या प्रत्येक तुकड्याला लांबी आणि सीआरसी (पडताळणीचा आकडा) असतो, त्यामुळे ०डी कुठे घातला की बेरीज जुळते ते तपासता येतं.

छापखाना_धुळे
उशिरा आलो. आमच्याकडे वेगळाच त्रास झाला, तोही सांगून ठेवतो. आमच्या ओळीत 'ईओएल=सीआरएलएफ' होतं, म्हणजे बाहेर काढताना प्रत्येक एकट्या ०ए च्या आधी ०डी घातला जायचा. अहिराणी-मराठी शब्दयादी एक्सेलमधून 'युनिकोड टेक्स्ट' म्हणून साठवली होती. ते यूटीएफ-१६ असतं, आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह दोन बाइटांत. यादी दुसऱ्या मशीनवर उघडली की पहिल्या ओळीनंतर चिनीसारखी अक्षरं.

पांझरा
@छापखाना_धुळे, तुमच्या यादीत ओळ संपेपर्यंतही थांबायची गरज नाही. 'ऊ' चा युनिकोड क्रमांक ०९०ए आहे. यूटीएफ-१६ मध्ये एक्सेल तो उलट्या क्रमाने लिहितं, ०ए ०९. म्हणजे 'ऊस' किंवा 'ऊन' आलं की गिटला त्यात ओळीचा शेवट दिसतो आणि तिथे ०डी घुसतो. पुढची सगळी अक्षरं एका बाइटने सरकतात. शब्दयाद्या यूटीएफ-८ मध्येच साठवा, तिथे देवनागरी अक्षरांत ०ए किंवा ०डी कधीच येत नाहीत. शिवाय डिफही (दोन आवृत्त्यांतला फरक) ओळीओळीने वाचता येतो. यूटीएफ-१६ मध्ये टॅबमुळे शून्य बाइट येतात, म्हणून एरवी गिट 'बायनरी फाइल वेगळ्या आहेत' एवढंच सांगून गप्प बसतं.

छापखाना_धुळे
ऊ मुळे! कारागिरांना आजच सांगतो. पेजमेकरच्या फाइल दोघांनी एकाच वेळी उघडू नयेत म्हणून काय करता? त्या मर्ज होत नाहीत, दोघांचे बदल एकत्र करता येत नाहीत.

बोरीचं_पाणी
'गिट एलएफएस लॉक'. एकाने कुलूप लावलं की दुसऱ्याचा पुश अडतो. सबव्हर्जनमध्ये 'एसव्हीएन:नीड्स-लॉक' होतं तसंच. कुलूप न लावता टक्कर झालीच तर '--अवर्स' किंवा '--देअर्स' देऊन एकच प्रत निवडावी लागते, दोन्हींतलं थोडं थोडं मिळत नाही.

जंक्शन
माझा लहानसा प्रश्न. फाइलींची नावं देवनागरीत ठेवली तर स्टेटसमध्ये \३४०\२४४\२०५ असं काहीतरी येतं. हेही फाटणं आहे का?

अमळनेरी
नाही बेटा, तो नुसता दाखवण्याचा प्रकार. तो 'अ' आहे, यूटीएफ-८ चे तीन बाइट अष्टमान पद्धतीत. 'गिट कॉन्फिग कोअर.कोटपाथ फॉल्स' करा, नावं वाचता येतील.

तापीकाठची
लळिंगदादांची स्क्रिप्ट चालली. साक्रीचं पहिलं गाणं ऐकलं. दोन ठिकाणी बारीक टिचकी ऐकू येते, बाकी पूर्ण गाणं, टाळ्यांसकट. मैत्रीण फोनवर रडायलाच लागली. उरलेली गाणी आता एकेक करून काढतोय. दुरुस्त केलेल्या प्रत्येक फाइलच्या नोंदीत 'दुरुस्त प्रत' असं लिहितोय, पुढे अभ्यास करणाऱ्याला ते कळलं पाहिजे.

आता पुढची काळजी. असं पुन्हा झालं तर लगेच कसं कळेल?

लळिंग
डब्ल्यूएव्हीऐवजी फ्लॅक ठेवा. आवाजातलं काहीही कमी होत नाही, जागा बरीच वाचते. फ्लॅकच्या सुरुवातीला मूळ आवाजाचा एमडी५ हा हॅश लिहिलेला असतो, प्रत्येक छोट्या खंडाला वेगळा सीआरसी असतो. 'फ्लॅक -टी' चालवलं की आवाजाचा एक बाइट जरी इकडे-तिकडे झालेला असला तरी चूक दाखवतं. डब्ल्यूएव्ही अशी तक्रार कधीच करत नाही, मुकाट्याने खरखर वाजवते.

पांझरा
+१. आणि '.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स'मध्ये '*.फ्लॅक बायनरी' आधी घाला, फाइल नंतर. कार्ड रिकामं करण्याच्या अगोदर दुसऱ्याच्या मशीनवर नवा क्लोन घेऊन तिथे 'फ्लॅक -टी' चालवा. स्वतःच्या फोल्डरमध्ये चालवून उपयोग नाही, तिथली प्रत नेहमीच चांगली दिसणार.

तापीकाठची
ठरलं. शहाद्याचं कार्ड अजून भरलेलं आहे, त्याच्यापासून सुरुवात करतो. नवा क्लोन भुसावळला.

जंक्शन
रात्री पाठवा ताई, मी जागा आहे.